वेदनेची मार्गदर्शके आणि त्यांची कसोटी

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपुरात घाटाच्या पायऱ्या चढताना कमरेवर हात ठेवून मध्येच थांबणारी माणसे पाहावयास मिळतात. उसाच्या खुरपणीत वर्षानुवर्षे वाकलेली पाठ तीन महिने उलटूनही दुखतच राहिली, की वैद्यकशास्त्र तिला जुनाट वेदना म्हणते. गावोगावी या दुखण्यावरचा इलाज जणू ठरून गेला आहे : एक सुई, चार गोळ्या आणि कमरेला पट्टा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी प्रसिद्ध केलेली मार्गदर्शक तत्त्वे वेगळी वाट दाखवितात. दाहशामक गोळ्यांना ती वाव ठेवतात. परंतु पट्टा, वजने लावून दिला जाणारा ताण आणि अफूवर्गीय औषधे हे नित्याचे उपचार असू नयेत, असे बजावतात. रुग्णाला दुखण्याचे स्वरूप समजावून सांगणे आणि बेताचा व्यायाम शिकविणे, यांवर त्यांचा भर आहे.

तथापि, मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे वेदवाक्य नव्हे. याच संघटनेला अफूवर्गीय वेदनाशामकांसंबंधीची २०११ व २०१२ ची आपली मार्गदर्शके २०१९ मध्ये मागे घ्यावी लागली. त्यांवर औषध कंपनीचा प्रभाव पडल्याचा आरोप अमेरिकी काँग्रेसच्या दोन सदस्यांच्या अहवालाने केला होता. तेव्हा मार्गदर्शकांचीही परीक्षा व्हावयास हवी, हे ओघानेच आले.

अशा परीक्षेसाठी ‘अ‍ॅग्री-२’ ही कसोटी २०१० पासून उपलब्ध आहे. उद्दिष्ट, संबंधितांचा सहभाग, पुराव्याची काटेकोर छाननी, मांडणीची स्पष्टता, उपयोज्यता आणि हितसंबंधांपासून मुक्तता, अशा सहा अंगांनी तीत २३ मुद्दे तपासले जातात. आजवरच्या अनेक परीक्षणांत उपयोज्यतेला फारच कमी गुण पडले आहेत.

नरसिंहपूरच्या दृष्टीने खरे मर्म नेमके येथेच आहे. व्यायाम शिकविणार कोण? रोजंदारी बुडवून त्यासाठी तालुक्याला जायचे कोणी? आणि पाठीला विश्रांती द्या, हा सल्ला खुरपणाऱ्या बाईने पाळला, तर त्या दिवशी चूल पेटायची कशी? या प्रश्नांना ज्या दस्तऐवजात जागा नाही, तो शास्त्रशुद्ध असूनही अपुराच राहतो.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याने अशी तत्त्वे केवळ इंग्रजीतून पुढे धाडून समाधान मानू नये. ती मराठीत आणावीत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत पारखून घ्यावीत आणि त्या पारखीत मजुरांनाही बोलू द्यावे. वेदना ज्याची, त्याची साक्ष घेतल्यावाचून दिलेला निवाडा न्यायाचा ठरत नाही.