ओर्का वाचवायचा म्हणजे काय वाचवायचं?

जगातल्या समुद्रांत ओर्का हजारोंनी आहेत. मग अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या सेलिश समुद्रातल्या जेमतेम पाऊणशे ओर्कांची एवढी काळजी कशासाठी? २००५ साली अमेरिकेने त्यांना संकटग्रस्त ठरवलं, ते का?

त्याच पाण्यात सील खाणारे दुसरे ओर्का आहेत. त्यांचं बरं चाललंय. हे मात्र मासेच खातात, त्यातही मुख्यतः चिनूक सॅल्मन. यांची बोली वेगळी, सोयरीक वेगळी. मासा कमी असतो तेव्हा म्हाताऱ्या माद्या पुढे होऊन कळपाला नेतात. म्हणजे इथे नुसती प्रजाती नाही, पिढ्यांनी जपलेली रीत आहे. ती गेली तर दुसरीकडून आणून लावता येत नाही.

आता अडचण बघा. धरणांनी सॅल्मनची वाट अडवली. ओर्का आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मासा शोधतो, तर जहाजांच्या गोंगाटात त्याला तोही ऐकू येईना. शिवाय पीसीबीसारखी विषं चरबीत साठतात. तेव्हा ओर्का वाचवायचा तर आधी नदी मोकळी करायची, जहाज हळू न्यायचं. एल्व्हा नदीवरची दोन धरणं २०१४ पर्यंत पाडली. तिथे सॅल्मन परतू लागलाय. यात वीज जाते, वेळ जातो. ती किंमत कोणी द्यायची, हा नीतीचा प्रश्न आहे, आणि तोच आपण पुढे घेऊ.