हातावरचे चट्टे : धंदा सोडण्यापूर्वी कारण शोधा

कारागिराचे हात हेच त्याचे खरे भांडवल. चपला-पिशव्या बनविणारा असो, गवंडी असो की केस रंगविणारा न्हावी असो, बोटांना खाज सुटून कातडी चिरू लागली की काम थांबते आणि रोजी बुडते. मग औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणले जाते. चार दिवस आराम पडतो, काम सुरू होते आणि खाज परत येते. या फेऱ्यात कित्येकांची वर्षे जातात. काहींवर तर वडिलोपार्जित धंदा सोडण्याची पाळी येते. अशा बांधवांना आमचे सांगणे आहे की, धंदा सोडण्यापूर्वी खाजेचे कारण शोधावे. त्यासाठी 'पॅच टेस्ट' नावाची तपासणी आहे.

ही तपासणी काही नवी नाही. जोसेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ साली मांडली. नेहमी ॲलर्जी करणारे पदार्थ ठरावीक अल्प प्रमाणात व्हॅसलीनसारख्या मलमात मिसळून लहान लहान वाट्यांत भरतात आणि चिकटपट्टीने पाठीवर लावतात. ४८ तासांनी पट्ट्या काढून डॉक्टर पाठ पाहतात आणि साधारण ९६ तासांनी पुन्हा पाहतात. ज्या पदार्थाखाली लाली, सूज वा पुरळ उठेल, त्याची ॲलर्जी आहे असे समजते. सुई नाही, रक्त काढणे नाही.

दोनदा पाहण्याचे कारण असे की, ही ॲलर्जी सावकाश उठते. एकदा शरीराने एखादा पदार्थ शत्रू म्हणून ओळखला की पुढे त्याचा थोडासा स्पर्शही पुरतो. पण पुरळ मात्र एक-दोन दिवसांनी येते. म्हणूनच दहा वर्षे तेच काम करणाऱ्याला अचानक त्रास सुरू झाला की खरा गुन्हेगार ध्यानात येत नाही आणि दोष खाण्यापिण्याला दिला जातो.

कारण कळल्याने काय साधते ते पाहा. चामड्याच्या कारागिराला क्रोमची ॲलर्जी निघाली, तर बाभूळ-हिरड्याने कमावलेल्या चामड्यावर तो काम करू शकतो. दोष चिकटविण्याच्या सोल्युशनमधील रेझिनचा निघाला, तर सोल्युशन बदलावे लागेल, चामडे नव्हे. गवंड्याला बहुधा सिमेंटमधील क्रोम बाधते. त्याने क्रोमने कमावलेल्या चामड्याचे हातमोजे घातले, तर रोग वाढेल. रबरी मोज्यांतील रसायनांचीही काहींना ॲलर्जी असते, म्हणून मोजेसुद्धा तपासणीनंतरच निवडावेत. डेन्मार्कमध्ये १९८१ पासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळू लागले आणि त्यानंतर तेथील बांधकाम कामगारांत क्रोमची ॲलर्जी कमी झाली.

केस रंगविणाऱ्यांचा मुख्य शत्रू पीपीडी. हेच रसायन 'काळ्या मेंदी'त मिसळलेले असते. मेंदीच्या पानांचा रंग नारिंगी-तांबूस येतो. थोड्या वेळात काळाभोर रंग देणाऱ्या कोनाविषयी शंका घ्यावी. ईदला वा लग्नसराईत असा कोन विकणाऱ्या दुकानदाराने लक्षात ठेवावे की, ज्या मुलीच्या हातावर त्याने फोड आले, तिला पुढे केसांचा कलपही बाधू शकतो.

तपासणीला जाताना काही गोष्टी पाळाव्यात. कामात वापरता त्या सोल्युशनचा, रंगाचा डबा लेबलासह, चामड्याचा व हातमोज्याचा तुकडा सोबत न्यावा. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा पाठीला लावलेले मलम चालू असल्यास आधी सांगावे, कारण त्यामुळे ॲलर्जी झाकली जाते. पट्ट्या असेपर्यंत पाठ भिजवू नये व घाम येईल असे जड काम करू नये. सिमेंट वा सोल्युशन घरच्या घरी अंगाला लावून प्रयोग तर मुळीच करू नये. कातडी भाजते आणि काही वेळा नवीच ॲलर्जी जडते.

तपासणीत काहीच निघाले नाही, तरी ती वाया गेली असे नाही. थिनर, रॉकेल वा सोड्याने रोज हात धुण्यामुळेही ॲलर्जीशिवाय कातडी फाटते. ती सवय सोडणे हाच मग पहिला इलाज.

कारखानदारांनीही याकडे केवळ मजुराचे दुखणे म्हणून पाहू नये. युरोपीय संघाने मे २०१५ पासून अंगाला लागणाऱ्या चामडी वस्तूंत षट्संयुजी क्रोमची मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम ठरविली आहे. म्हणजे जे रसायन कारागिराच्या हाताला बाधते, तेच निर्यातीचा मालही अडवू शकते. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचा विभागात या तपासणीची चौकशी करावी. पट्ट्या लावणे आणि दोनदा दाखविणे यात कामाचे चार-पाच दिवस अडतील. पण त्यामुळे उभ्या आयुष्याचा हुनर वाचू शकतो.