हवाई क्षेत्रांचे वर्ग व दृश्य उड्डाण नियम

हवाई क्षेत्रांचे वर्ग व दृश्य उड्डाण नियम : विमानांची परस्परांशी किंवा भूपृष्ठावरील अडथळ्यांशी टक्कर होऊ नये, यासाठी आकाशाचे केलेले विभाग आणि त्या विभागांत केवळ दृष्टीच्या आधारे विमान चालविताना वैमानिकाने पाळावयाचे नियम. विमान चालविण्याच्या दोन नियमपद्धती आहेत. बाहेरचे दृश्य पाहून केलेल्या उड्डाणास दृश्य उड्डाण नियम लागू होतात, तर उपकरणांवर विसंबून व नियंत्रकाच्या सूचनांनुसार केलेल्या उड्डाणास उपकरण उड्डाण नियम लागू होतात. विद्यार्थी वैमानिकाचे प्रारंभीचे सर्व शिक्षण पहिल्या पद्धतीने होते.

जमिनीवरून पाहणाऱ्यास आकाश अखंड व सर्वांस मोकळे वाटते. वसई तालुक्यातील वालीव हे गाव मुंबईच्या विमानतळापासून उत्तरेस सु. ३५ किमी. अंतरावर असून त्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग व पश्चिमेस सखल किनारपट्टी आहे. तेथून वर पाहणाऱ्यास कोणतीही सीमा दिसत नाही; परंतु त्याच आकाशातून जाणाऱ्या वैमानिकास आपण कोणत्या उंचीवर कोणाच्या अधिकारक्षेत्रात आहोत, तेथे पूर्वपरवानगी लागते किंवा नाही व दुसरे विमान टाळण्याची जबाबदारी कोणाची आहे, हे ठाऊक असावे लागते. हवाई क्षेत्रांच्या वर्गीकरणाचा मुख्य हेतू ही जबाबदारी निश्चित करणे हाच होय.

इतिहास : आरंभीच्या काळात सर्वच उड्डाणे दृष्टीच्या आधारे होत. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ‘पस मॉथ’ या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले, त्या वेळी त्यांच्याजवळ रेडिओ नव्हता. आकाशात विमाने विरळ होती तोवर ही पद्धत पुरेशी होती. विमानांची संख्या व वेग वाढल्यावर नियंत्रणाची गरज निर्माण झाली. शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या करारान्वये प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूप्रदेशावरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व मान्य झाले आणि या करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना स्थापन झाली. निरनिराळ्या देशांतील विभागणीत एकसूत्रीपणा यावा म्हणून या संघटनेने १९९० मध्ये सात वर्गांची पद्धती स्वीकारली. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार उड्डाण माहिती प्रदेशांत विभागलेले आहे. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे.

क्षेत्रांची रचना : मोठ्या विमानतळाभोवतीचे नियंत्रण परिमंडल भूपृष्ठापासून सुरू होते व उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या विमानांना संरक्षण देते. त्याच्या वर व भोवती नियंत्रण क्षेत्र असते. ते भूपृष्ठापासून नव्हे, तर ठराविक उंचीपासून सुरू होते. विमान जसजसे दूर जाते तसतसे ते उंच गेलेले असते, म्हणून ही रचना उतरंड उलटी ठेवावी तशी खाली अरुंद व वर रुंद होत जाते. परिणामी एकाच गावावर खालच्या थरात अनियंत्रित व वरच्या थरात नियंत्रित आकाश असू शकते. दोन मोठ्या विमानतळांना जोडणारे हवाई मार्ग हेही नियंत्रित क्षेत्रच होत. यांखेरीज निषिद्ध, निर्बंधित व धोकादायक अशी क्षेत्रे स्वतंत्रपणे घोषित केलेली असतात. १९३७ च्या विमान नियमांच्या अनुसूचीत निषिद्ध क्षेत्रांमध्ये मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी समाजाच्या दख्म्याचा समावेश होता.

वर्ग : ‘ए’ वर्गात केवळ उपकरण उड्डाणांस परवानगी असते व सर्व विमानांत नियंत्रक अंतर राखतो. ‘बी’ वर्गात दोन्ही प्रकारची उड्डाणे चालतात व सर्वांमध्ये अंतर राखले जाते. ‘सी’ वर्गात दृश्य उड्डाण करणारे विमान उपकरण उड्डाण करणाऱ्या विमानांपासून अलग ठेवले जाते. मात्र दोन दृश्य उड्डाणांमध्ये अंतर राखले जात नाही, एकाला दुसऱ्याची केवळ माहिती दिली जाते. ‘डी’ वर्गात नियंत्रक फक्त उपकरण उड्डाणांमध्ये परस्परांत अंतर राखतो. दृश्य उड्डाणास पूर्वपरवानगी व रेडिओ संपर्क आवश्यक असतो. परंतु त्याला इतर विमानांची माहिती तेवढी मिळते. ‘ई’ वर्गात उपकरण उड्डाणांवर नियंत्रण असते, दृश्य उड्डाणास मात्र परवानगी घ्यावी लागत नाही. ‘एफ’ वर्गात उपकरण उड्डाणांना सल्ला आणि ‘जी’ वर्गात सर्वांना मागणीनुसार माहिती एवढीच सेवा मिळते. भारतात ‘डी’ ते ‘जी’ हे वर्ग दीर्घकाळ वापरात राहिले आहेत.

विद्यार्थ्यांचा सर्वाधिक गैरसमज ‘डी’ वर्गाविषयी होतो. नियंत्रकाने प्रवेशाची परवानगी दिली म्हणजे त्याने आपल्या संरक्षणाची हमी घेतली, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात ‘डावीकडे समोर विमान आहे’ ही सूचना मिळाल्यानंतर ते विमान शोधणे व टाळणे हे काम दृश्य उड्डाण करणाऱ्या वैमानिकाचेच असते. परवानगी ही प्रवेशापुरती असते. सावधगिरीची जबाबदारी तिने संपत नाही.

दृश्य हवामानाच्या किमान मर्यादा : दृष्टीवर विसंबावयाचे तर दृष्टीस वाव हवा. म्हणून दृश्यमानता व ढगांपासूनचे अंतर यांच्या मर्यादा ठरविल्या आहेत. समुद्रसपाटीपासून ३,०५० मी. (१०,००० फूट) व त्याहून अधिक उंचीवर दृश्यमानता किमान ८ किमी. आणि त्याखाली ५ किमी. असावी लागते. ढगांपासून आडवे अंतर १,५०० मी. व उभे अंतर ३०० मी. राखावे लागते. ‘एफ’ व ‘जी’ वर्गांत ९०० मी. (३,००० फूट) उंचीपर्यंत किंवा भूभागापासून ३०० मी. पर्यंत, यांपैकी जी पातळी अधिक उंच असेल तिच्या खाली, ढगांच्या बाहेर राहून जमीन दिसत असणे पुरेसे असते. नियंत्रण परिमंडलातील विमानतळावर ढगांचा तळ ४५० मी. (१,५०० फूट) पेक्षा खाली किंवा दृश्यमानता ५ किमी. पेक्षा कमी असल्यास दृश्य उड्डाणास मनाई असते. अशा वेळी नियंत्रकाच्या खास परवानगीने मर्यादित उड्डाण करता येते व त्यास विशेष दृश्य उड्डाण म्हणतात. दाट वस्तीवरून जाताना ६०० मी. परिसरातील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ३०० मी. आणि अन्यत्र जमिनीपासून किमान १५० मी. उंची राखावी लागते.

या आकड्यांमागील कारण साध्या गणिताने स्पष्ट होते. ताशी १०० सागरी मैल (१८५ किमी.) वेगाची दोन विमाने समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातील ५ किमी. अंतर सु. ४९ सेकंदांत संपते. त्यांपैकी एक २५० सागरी मैल (४६३ किमी.) वेगाचे जेट विमान असेल, तर सु. २८ सेकंदच उरतात. एवढ्या अवधीत दुसरे विमान दिसणे, त्याची दिशा ओळखणे, निर्णय घेणे व विमान वळणे या सर्व गोष्टी घडाव्या लागतात. म्हणूनच ३,०५० मी. खाली ‘डी’ व त्यानंतरच्या वर्गांत ताशी २५० सागरी मैल ही वेगमर्यादा घातलेली आहे. ढगातून उपकरणांच्या साहाय्याने अकस्मात बाहेर पडणारे विमान टाळता यावे, यासाठी ढगांपासूनचे अंतर आवश्यक ठरते.

अग्रक्रम व उंची : समोरासमोर आलेल्या दोन्ही विमानांनी उजवीकडे वळावयाचे असते. मार्ग एकमेकांस छेदत असल्यास ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावयाची असते. मागून पुढे जाणाऱ्याने पुढील विमानाच्या उजव्या बाजूने जावयाचे असते. तसेच ९०० मी. वरील स्थिर उड्डाणात चुंबकीय दिशा ०° ते १७९° असल्यास ३,५००, ५,५००, ७,५०० फूट आणि १८०° ते ३५९° असल्यास ४,५००, ६,५०० फूट अशा उंच्या निवडतात. परंतु हा नियम विमानांतील टक्कर टाळण्यासाठी आहे, डोंगर टाळण्यासाठी नव्हे. मुंबईहून ईशान्येस धुळ्याकडे जाणाऱ्या वैमानिकास नियमाप्रमाणे ५,५०० फूट ही उंची घेता येईल. पण सह्याद्रीतील कळसूबाई शिखर १,६४६ मी. म्हणजे सु. ५,४०० फूट उंच आहे. त्या परिसरातून जावयाचे असल्यास ७,५०० फूट हीच उंची सुज्ञपणाची ठरते. पावसाळ्यात ही शिखरे ढगांत असतात व तेव्हा त्या मार्गाने दृश्य उड्डाण करताच येत नाही.

दृष्टीच्या मर्यादा : डोळ्यांनी पाहिलेले नेहमी बरोबरच असते असे नाही. मुंबईत जुहू येथील धावपट्टी सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या पश्चिमेस अगदी जवळ असून दोहोंची दिशा जवळजवळ सारखी आहे. परंतु जुहूची लांबी केवळ सु. १,१०० मी. आहे. १५ जुलै १९५३ रोजी ब्रिटिश कंपनीचे एक कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपानी कंपनीच्या डीसी-८ विमानाच्या बाबतीत हीच चूक पुन्हा घडली. ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले व निकामी झाले, मात्र प्राणहानी झाली नाही. दोन्ही वेळी विमान चालविणारे अनुभवी होते. धावपट्टी दिसली एवढ्यावर न थांबता तिची लांबी, क्रमांक, आसपासच्या खुणा व होकायंत्रावरील दिशा पडताळणे का आवश्यक असते, हे यांवरून कळते. उलटपक्षी नियंत्रणही सर्वस्वी निर्दोष नसते. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे नियंत्रित आकाशात दोन मोठ्या विमानांची टक्कर होऊन ३४९ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी एक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते.

विद्यार्थी वैमानिकास सर्वांत मोठा धोका ढगात शिरण्याचा असतो. क्षितिज दिसेनासे झाले की, अंतःकर्णातील तोल राखणारी इंद्रिये चुकीची संवेदना देतात. विमान हळूहळू वळत असूनही ते सरळ चालले आहे असे वाटते व वैमानिक त्या भासानुसार सुकाणू हाताळतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९५४ मध्ये उपकरण-उड्डाणाचे शिक्षण नसलेल्या २० व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात, बाहेरचे दृश्य झाकल्यानंतर त्या सर्वांचा ताबा सुटला व त्यास सरासरी १७८ सेकंद लागले. ढगातून शांतपणे १८०° वळून मागे फिरण्याचा सोपा क्रम शिकविल्यावर मात्र जवळजवळ सर्व प्रयत्न यशस्वी झाले.

भारतात विद्यार्थी वैमानिक परवान्यासाठी किमान वय १६ वर्षे, खाजगी परवान्यासाठी १७ व व्यावसायिक परवान्यासाठी १८ वर्षे आहे. १९२८ मध्ये जुहू येथे स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने या शिक्षणाचा महाराष्ट्रात पाया घातला. मुंबईच्या आकाशातील वाहतूक वाढल्यावर विमान-प्रशिक्षण धुळे, बारामती, गोंदिया यांसारख्या मोकळ्या आकाशाच्या ठिकाणी अधिक प्रमाणात होऊ लागले. क्षेत्रांच्या सीमा व वर्ग वेळोवेळी बदलतात; म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी वैमानिकी माहिती प्रकाशन, वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना व हवामान अहवाल पाहणे बंधनकारक असते. नियमांत सांगितलेली दृश्यमानता ही किमान मर्यादा होय. तीपेक्षा अधिक असतानाही परिस्थिती बिघडत असल्याचे दिसताच मागे फिरणे किंवा उड्डाणच न करणे, हा दृश्य उड्डाणाच्या शिक्षणाचा पहिला धडा समजला जातो (→ विमानतळ, विमानचालन).