आग्या माशीचे कवच

सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर आग्या मोहोळे लोंबतात. उघड्यावर टांगलेल्या एकाच पोळ्यावर हजारो माश्या एकमेकींना खेटून राहतात आणि आतल्या घरांत मध, पराग व अळ्या असा पौष्टिक साठा असतो. म्हणजे साथ पसरण्यास लागणारी सर्व अनुकूलता तेथे एकवटलेली असते. अशा गर्दीत कीटक कसा टिकतो, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या शरीरात जेवढे आहे, तेवढेच त्याच्या वर्तनातही आहे.

कीटकांच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे, म्हणजे विशिष्ट जंतूला ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, तयार होत नाहीत. पहिला अडसर बाह्यकवचाचा असतो. तो ओलांडणाऱ्या जंतूंना रक्तद्रवातील पेशी गिळतात किंवा मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या आवरणात कोंडतात, तर यकृतासारखी कामे करणाऱ्या मेदपिंडातून जीवाणूंना मारणारी लहान प्रथिने रक्तद्रवात सोडली जातात. ही प्रथिने बनवण्याचा आदेश देणाऱ्या यंत्रणेतील ‘टोल’ या जनुकाचे कार्य फळमाशीत 1996 मध्ये उलगडले आणि त्या संशोधनासाठी ज्यूल्स हॉफमन यांना 2011 च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. टोलसारखी जनुके माणसातही असल्याने या यंत्रणेची मुळे कीटक व पृष्ठवंशी प्राणी वेगळे होण्यापूर्वीच्या काळात पोहोचतात.

मधमाशीचा जनुकसंच 2006 मध्ये वाचला गेला, तेव्हा तिच्यात प्रतिकाराशी संबंधित जनुके फळमाशीच्या सुमारे एक तृतीयांशच असल्याचे दिसले. समूहाने संरक्षणाचा भार उचलल्यामुळे व्यक्तीची शस्त्रे गळून पडली असावीत, असे अनुमान त्यावरून निघाले. परंतु 2015 मध्ये भुंगमाश्यांच्या जनुकसंचाशी तुलना करताना एकट्याने राहणाऱ्या माशीतही ही जनुके कमीच आढळली. त्यामुळे ही घट समाजजीवनाच्या आधीची ठरते, आणि सामूहिक संरक्षण हे मुळातच आटोपशीर असलेल्या प्रतिकारयंत्रणेवर नंतर चढलेला थर आहे, असे मानणे अधिक युक्त होते.

या थराचे उत्तम उदाहरण सातेरी मधमाशीत दिसते. अळ्या-कोषांवर जगणारा वरोआ नावाचा अष्टपाद परोपजीवी सातेरीचा जुना शत्रू आहे; त्याची बाधा झालेला कामकरी माशीचा कोष लवकर मरतो आणि इतर कामकरी माश्या तो उकरून बाहेर फेकतात, म्हणून वरोआची वाढ मुख्यतः नरांच्या घरांपुरती मर्यादित राहते. येथे एका पिल्लाचा दुबळेपणाच वसाहतीची ढाल बनतो. हाच परोपजीवी विसाव्या शतकात युरोपीय मधमाशीवर गेला, तेव्हा असा सराव नसलेल्या तिच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर कोसळल्या. मात्र सातेरीची ढालही सर्व शत्रूंवर चालत नाही: अळीची त्वचा पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी करून टाकणाऱ्या थाई सॅकब्रूड या विषाणूने 1990 च्या दशकाच्या आरंभी दक्षिण भारतातील तिच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या.

आग्या माशीची रीत निराळी आहे. तिच्यावरील ट्रॉपिलेलॅप्स हा परोपजीवीही अळ्या-कोषांवरच पोसतो आणि त्यांच्यावाचून थोडेच दिवस तग धरतो. आग्या माशी मात्र फुलोऱ्याच्या ऋतुमानानुसार पोळे सोडून दूर जाते, आणि प्रवासापासून नव्या पोळ्यात अळ्या येईपर्यंतचा काळ त्या परोपजीवीच्या उपासमारीचा ठरतो. स्थलांतराचे मूळ प्रयोजन अन्नाचा शोध असले, तरी रोगनियंत्रण हे त्याचे मोलाचे फलित आहे.

आशियात ट्रॉपिलेलॅप्स युरोपीय मधमाशीच्या पेट्यांतही शिरला असून, जेथे वर्षभर अळ्या वाढतात, तेथे त्याला ही उपासमार सोसावी लागत नाही. म्हणून मधपाळ राणीमाशीला काही काळ पिंजऱ्यात ठेवून अंडी घालणे थांबवतात. पोळे मागे टाकून जाणाऱ्या आग्या माशीने साधलेला खंड त्यांना पेटीत हाताने घडवावा लागतो.