बिनकिल्लीचं कुलूप

आमच्या आजीच्या कोठीघराला तळहाताएवढं लोखंडी कुलूप असायचं, किल्ली तिच्या कनवटीला, आणि आत लाडवांचा डबा. तेव्हा ऐन दिवाळीत मी केसांचा आकडा घालून ते खटपटत बसलो, आकडा आतच मोडला, आणि लोहाराला बोलवायची पाळी आली, हे काही नवल नाही. लाडू हुकले, पण कुलपाचं पोट पाहायला मिळालं. आत पितळेच्या पत्त्या एकीवर एक बसलेल्या. किल्लीचा एकेक दात आपापली पत्ती हवी तेवढीच उचलतो, आणि सगळ्यांच्या खाचा एका रेषेत आल्या की खिट्टी मुकाट सरकते. माझा आकडा बिचारा एकाच पत्तीला ढोसत बसला होता.

इंग्रज मात्र लॉक हाच शब्द पाण्यातल्या एका करामतीलाही लावतात, आणि गंमत अशी की तीही चोरांमुळंच सुचली. चीनमध्ये कालव्याचं पाणी जिथं खालीवर व्हायचं तिथं धान्याच्या नावा दोरखंडांनी उतारावरून ओढून न्यायचे. ओढताना नाव फुटायची, धान्य सांडायचं, आणि तिथले गडी चोरांना सामील! वैतागून छ्याव वेइय्युए नावाच्या अधिकाऱ्यानं ९८४ साली कालव्यात पन्नासेक पावलांच्या अंतरानं दोन दारं बसवली. मधे झाली पाण्याची कोठी. नाव खालून आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी हळूहळू सोडायचं. नाव आपसूक वर चढते, मग पुढचं दार उघडायचं. ओढणं नाही, फुटणं नाही, सांडणं तर नाहीच.

पुढं युरोपात त्या दारांची तऱ्हा बदलली. दोन फळ्या सरळ रेषेत मिटत नाहीत, तर मधे कोन करून, नाक वरच्या पाण्याकडं काढून मिटतात. म्हणजे वरचं पाणी जितकं रेटा देईल तितक्या त्या एकमेकींना घट्ट बिलगतात, आणि दोन्हीकडचं पाणी सारखं झालं की अगदी हलक्या हातानं उघडतात. दांडगटाच्याच जोरावर दार लावून घ्यायचं, ही अक्कल मला त्या पितळी पत्त्यांहूनही भारी वाटते.

१९१४ साली सुरू झालेल्या पनामा कालव्यात अशाच कोठ्यांतून अख्खी जहाजं समुद्रापासून २६ मीटर उंच गातुन तलावात चढतात आणि पलीकडं उतरतात, आणि जुन्या कोठ्या भरायला पंप म्हणून लागत नाही; तलावाचं पाणी आपल्या उतारानंच येतं. पण एका जहाजापायी सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं बरं! २०२३ मध्ये पावसानं ओढ दिली, तलाव खाली गेला, रोजची जहाजं कमी करावी लागली, आणि भरल्या मालाची जहाजं दोन्ही समुद्रांत नांगर टाकून, कोठीघराबाहेर आम्ही पोरं बसायचो तशी, वाट बघत बसली.