परसातले तळे वाढवताना

पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ गेल्या उन्हाळ्यात दवाखान्यात आले. परसातल्या माशांच्या तळ्याकाठी वाकून खाद्य टाकताना तोल गेला आणि गुडघा सोलवटला. सोबतच्या मुलाचा निर्णय झाला होता : तळे बुजवायचे. वडिलांना मात्र ते वाढवायचे होते. ‘‘डॉक्टर, तुम्हीच सांगा,’’ दोघेही म्हणाले.

प्रथम माझ्याही ओठांवर ‘बुजवा’ हाच शब्द आला. परंतु पत्नीच्या निधनानंतर हे गृहस्थ सकाळी वेळेवर उठतात, चार पावले चालतात, ते त्या माशांसाठी, हे मला ठाऊक होते. तो आधार काढून घेणे हेही दुखणेच ठरले असते. म्हणून आम्ही तिघांनी मिळून जो आराखडा केला, तो वाचकहो, आपल्यापुढे ठेवतो.

तळे खोल नव्हे, लांब-रुंद करावे. तळ जमिनीखाली अर्धा फूट आणि काठ जमिनीवर दीड फूट ठेवला, तर पाणी दीड फूट राहते आणि काठ खुर्चीइतका उंच होतो. काठाची रुंदी सव्वा फूट असली की त्यावर बसून खाद्य टाकता येते. वाकावे लागत नाही. एका बाजूस धरण्यासाठी पक्का कठडा आणि भोवती खडबडीत फरशी हवी. शेवाळ आठवड्याला घासून काढावे.

खोदकाम व पाणी वाहणे ज्येष्ठांनी करू नये. सहा बाय चार फुटांचे तळे दहा बाय पाच केले, तर सुमारे १,१०० लिटर पाणी अधिक लागते. म्हणजे १५ लिटरच्या सत्तरहून अधिक बादल्या. त्यासाठी नळी लावावी. काम पावसाळ्यापूर्वी संपवावे. अर्धवट खड्ड्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत होते. भरलेल्या तळ्यात मात्र गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात. हे मासे ओढ्या-नदीत कधीही सोडू नयेत.

नव्या सिमेंटमधील चुना माशांना घातक असतो. म्हणून काही आठवडे तळे पुन्हा पुन्हा भरून रिकामे करावे. तोवर मासे जुन्याच पाण्यासह टपात, जाळीखाली ठेवावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन जाण्यासाठी ते दोन दिवस उघडे ठेवून मगच मासे सोडावेत. तळे मोठे झाले म्हणून लगेच दुप्पट मासे आणू नयेत. माशांच्या विष्ठेतील अमोनिया निरुपद्रवी करणारे जीवाणू गाळणीत वाढण्यास महिना-दीड महिना लागतो.

घरच्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पंपाच्या जोडणीला अर्थिंग व ईएलसीबी असावे आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. दीड फूट पाणीही लहान मुलाचा जीव घेऊ शकते. नातवंडे येत असतील तर मजबूत जाळी बसवावी आणि तरीही मुलांवरची नजर काढू नये. हातापायांवर जखम असल्यास, विशेषतः मधुमेह असल्यास, तळ्यात हात-पाय घालू नयेत. अनवाणी फिरू नये.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी काठावरून उठताना घाई करू नये. कठडा धरावा, क्षणभर थांबावे, मगच पाऊल उचलावे.

आमचे गृहस्थ आता रोज सकाळी त्या काठावर बसतात. बुजवायला निघालेला मुलगाच रविवारी गाळणी धुतो. नळाखाली नव्हे, तळ्यातून काढलेल्या बादलीभर पाण्यात, म्हणजे उपयोगी जीवाणू मरत नाहीत. हे त्याला वडिलांनी शिकवले.