गाडी गुजरातेतून घेताना



आपल्या अक्कलकुव्याहून खापर ओलांडलं की थोड्याच वेळात गुजरातची हद्द लागते. सागबारा, डेडियापाडा, अंकलेश्वर ही नावं आपल्याला परकी नाहीत. सोयरीक तिकडे, बाजारहाट तिकडे. म्हणून घरात नव्या गाडीचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "गुजरातची पासिंग करा, स्वस्त पडते." गटाच्या बैठकीतही ताया हेच विचारतात. आज त्याबद्दलच बोलू.

आधी पाहू, स्वस्त म्हणजे नेमकं काय स्वस्त. गाडीवरचा जीएसटी साऱ्या देशात सारखाच. छोट्या पेट्रोल गाड्यांवर तो 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे, मग गाडी नंदुरबारला घ्या की सुरतला. खरा फरक रोड टॅक्सचा. घरगुती वापराच्या, दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 11 टक्के टॅक्स आहे, गुजरातेत 6 टक्के. आठ लाखांची गाडी धरा. इकडे 88 हजार, तिकडे 48 हजार. चाळीस हजारांचा फरक म्हणजे लहान रक्कम नव्हे. मोह होणारच.

पण हा टॅक्स शोरूम कुठे आहे त्यावरून ठरत नाही. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या कलम 40 प्रमाणे, मालक जिथे राहतो किंवा त्याचा धंदा जिथे आहे आणि गाडी जिथे नेहमी उभी राहते, त्या राज्यात नोंदणी करायची असते. तुम्ही अक्कलकुव्याच्या, गाडी तुमच्या अंगणात, तर नंबर एमएच 39 चा आणि टॅक्स महाराष्ट्राचा. अंकलेश्वरला गाडी घ्यायला कोणाचीच मनाई नाही. फक्त तिथे घेतली म्हणून टॅक्स वाचत नाही.

श्रीमंत देशांतही असंच चालतं. जर्मनीत म्युनिक शहरात बीएमडब्ल्यू कंपनी गिऱ्हाइकाच्या ताब्यात गाडी देते. अमेरिकेतली माणसं घरबसल्या गाडी ठरवायची, विमानाने म्युनिकला जायची, तात्पुरत्या नंबरावर युरोपात फिरायची, आणि मग गाडी जहाजाने घरी पाठवायची. अमेरिकेच्या गिऱ्हाइकांसाठी कंपनीने ही सोय 2020 मध्ये बंद केली. पण ती चालू होती तेव्हाही कायमचा नंबर घरी पोचल्यावर आपल्याच राज्यात घ्यावा लागे.

मग आपल्याकडे जीजे नंबर मिळतो कसा? बहुतेक दोन वाटांनी. एक, तिकडचा खोटा भाडेकरार दाखवून. दोन, नातेवाइकाच्या नावावर गाडी घेऊन. दुसरी वाट बायांना जास्त महागात पडते. हप्ते तुम्ही भरता, पण आरसी बुकावर नाव नणंदेच्या नवऱ्याचं. कायद्याने मालक तोच. उद्या भांडण झालं तर गाडी विकायचा हक्क त्याचा. अपघात झाला तर भरपाईचा दावाही त्याच्यावर येतो, आणि मग नातंही तुटतं. आपण गटातून कर्ज काढतो ते आपल्या नावावर काहीतरी उभं राहावं म्हणून. ते दुसऱ्याच्या नावावर का करायचं?

सरळ वाटेने गाडी तिकडून घ्यायची असेल तर काय करायचं? आधार आणि पत्ता आपला खराच द्या. शोरूमवाला तात्पुरती नोंदणी करून देतो. त्या पाटीचा रंग पिवळा आणि अक्षरं लाल असतात. तिच्यावर गाडी घरी आणा. मग नंदुरबारच्या आरटीओ कार्यालयात गाडी दाखवून कायमची नोंदणी करा. त्यासाठी नमुना 20 चा अर्ज, शोरूमने दिलेले नमुना 21 आणि 22, बिल, विमा, तात्पुरत्या नोंदणीचा कागद आणि पत्त्याचा पुरावा लागतो. कर्ज असेल तर बँकेचे कागदही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तात्पुरत्या नोंदणीची एक तारीख असते. ती चुकवू नका. राजस्थानातल्या एका गृहस्थांनी 2011 मध्ये नवी गाडी घेतली. तात्पुरती नोंदणी 19 जुलैला संपली, कायमची केली नाही. नऊ दिवसांनी, 28 जुलैच्या रात्री, जोधपूरला गाडी चोरीला गेली. विमा चालू होता. पण कंपनीने पैसे नाकारले. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 30 सप्टेंबर 2021 ला कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नोंदणी नसताना गाडी रस्त्यावर नेणं हाच कराराचा भंग, असं कोर्टाने म्हटलं. गाडी गेली, पैसाही गेला. शिवाय नोंदणीशिवाय गाडी चालवली तर पहिल्याच वेळी दोन ते पाच हजार दंड आहे.

काही ताया विचारतात, ते बीएच नंबर आपल्याला मिळतात का? नाही. 2021 ला सुरू झालेली ती मालिका सरकारी नोकर, सैनिक आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांच्या नोकरांसाठी आहे.

आणि ज्यांच्या दारात जीजे नंबरची गाडी आधीच उभी आहे त्यांचं काय? दुसऱ्या राज्याची गाडी इथे 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओकडून ना-हरकत दाखला आणा, इथला टॅक्स भरा, आणि तिकडे भरलेल्या टॅक्सच्या उरलेल्या रकमेच्या परताव्यासाठी अर्ज करा. हेलपाटे होतात, पण काम होतं.

तेव्हा सही करण्याआधी तीन गोष्टी बघा. आरसीवर नाव कोणाचं येणार? पत्ता खरा आहे का? आणि तात्पुरत्या पाटीची तारीख कधी संपते? टॅक्सचे दर बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीचा दर आरटीओतच विचारा. गटाच्या पुढच्या बैठकीत हे तिन्ही प्रश्न वाचून दाखवा. भेटू पुढच्या आठवड्यात. राम राम.